भिंतीतून झिरपणारे ऊन

यवतमाळ जिल्ह्यातील कळंब हे चिंतामणीच्या देवस्थानाचे गाव ज्या पट्ट्यात वसले आहे, तेथे मे महिन्यात पारा ४४ अंशांपलीकडे जातो. म्हणून घराची भिंत किती उष्णता आत सोडते, हा प्रश्न तेथे अतिशय जिव्हाळ्याचा ठरतो. भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या तापमानांत एक अंशाचा फरक असताना प्रत्येक चौरस मीटरमधून जितके वॅट उष्णता वाहते, त्या आकड्यास यू-मूल्य म्हणतात. ९ इंची विटांच्या भिंतीसाठी ते सुमारे २.२ येते; म्हणजे बाहेर ४४ आणि आत ३० अंश असल्यास १० चौरस मीटर भिंतीतून सुमारे ३०० वॅट आत येतात.

हा हिशेब मात्र अपुरा आहे, कारण ऊन दिवसभर बदलते आणि भिंत उष्णता साठवून ती काही तासांनी आत सोडते. एनर्जीप्लससारखी संगणक-प्रणाली भिंतीचे विटा, गिलावा असे थर मांडून, वर्षातील ८,७६० तासांच्या हवामान-नोंदींवरून हा प्रवाह मोजते. दुपारचे ऊन रात्री आत उतरवणारी जाड मातीची भिंत विदर्भात का टिकली, याचे उत्तर या विलंबात सापडते; अशा घरात रात्री खिडक्या उघडणे तितकेच महत्त्वाचे असते.

बैठ्या घरात छताचा वाटा बहुधा भिंतींहून मोठा असतो, आणि निवासी इमारतींसाठीच्या २०१८च्या इको निवास संहितेने छताच्या यू-मूल्याची मर्यादा १.२ ठरवली आहे.