हट्टी तारुण्यपीटिका : उपचार आहे, धीर हवा

शाळेत वर्गाचे सामूहिक छायाचित्र काढावयाचे ठरले की नववी-दहावीतील एखादा विद्यार्थी नेमका त्या दिवशी गैरहजर राहतो. एखादी मुलगी भर उकाड्यातही ओढणीने गाल झाकून शेवटच्या बाकावर बसते. अभ्यासाची नावड किंवा बुजरा स्वभाव असे याचे कारण सांगितले जाते. पण पुष्कळदा खरे कारण चेहऱ्यावरच असते. तारुण्यपीटिका, म्हणजे बोलभाषेतील मुरुमे, बारा ते चोवीस वर्षे या वयात सुमारे ८५ टक्के मुलामुलींना कमीअधिक प्रमाणात होतात. बहुतेकांची सौम्य असतात व ओसरतात. काहींची मात्र हटत नाहीत. त्यांच्या खोल, दुखऱ्या गाठी होतात आणि मागे कायमचे खड्डे राहतात. 'वयात आले की व्हायचेच' असे म्हणून या मुलांकडे दुर्लक्ष करणे योग्य नव्हे. खड्डे पडण्यापूर्वी उपचार सोपा असतो. पडल्यानंतर तो अवघड व खर्चिक होतो.

मुरुमे का होतात?

हा विकार नवा नाही. सुश्रुतसंहितेत 'मुखदूषिका' या नावाने त्याचे वर्णन असून, तरुणांच्या मुखावरील या पुटकुळ्यांना सावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. आधुनिक वैद्यकाने त्याची चार कारणे निश्चित केली आहेत. वयात येताना वाढणाऱ्या संप्रेरकांमुळे त्वचेतील तैलग्रंथी अधिक तेल स्रवतात. केसांच्या मुळाशी मृत पेशी साचून छिद्र बुजते. कोंडलेल्या तेलात त्वचेवरील नित्याचे जिवाणू वाढतात. शेवटी शरीराच्या प्रतिकारामुळे तेथे दाह होतो. आनुवंशिकतेचाही यात मोठा वाटा असतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. मुरुमे हे अस्वच्छतेचे किंवा मनातील विचारांचे फळ नव्हे. दिवसातून दोन वेळा सौम्य साबणाने चेहरा धुणे पुरेसे आहे. घासून धुतल्याने दाह वाढतो. लिंबू, खाण्याचा सोडा, दंतमंजन यांचे लेप त्वचा पोळतात. गोड पदार्थ, मैदा आणि काहींच्या बाबतीत दूध यांचा मुरुमांशी संबंध आढळला आहे; परंतु केवळ पथ्याने हट्टी मुरुमे बरी होत नाहीत. कपाळावर ओघळणारे केसांचे तेल मात्र छिद्रे बुजविते, म्हणून ते बेताने लावावे.

उपचाराच्या पायऱ्या

पहिली पायरी लावण्याच्या औषधांची. ॲडापलीन हे 'अ' जीवनसत्त्वाच्या गटातील औषध बुजलेली छिद्रे मोकळी करते, तर बेन्झॉइल पेरॉक्साइड जिवाणूंचा नाश करते. ॲडापलीन रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढेच घेऊन लावावे. केवळ पुटकुळीवर नव्हे, तर मुरुमे होणाऱ्या सर्व भागावर. प्रारंभी त्वचा कोरडी पडते, क्वचित मुरुमे वाढल्यासारखीही दिसतात. तेव्हा एक दिवसाआड लावावे व उन्हापासून त्वचा जपावी. बेन्झॉइल पेरॉक्साइडचे अडीच टक्के प्रमाणही पुष्कळांना पुरते. त्याने टॉवेल व उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो, हे आधीच सांगावे.

बहुतेक उपचार फसतात ते येथेच. परिणाम दिसू लागण्यास सहा ते आठ आठवडे लागतात आणि औषध लागू पडले की नाही हे ठरविण्यास बारा. पंधरा दिवसांत गुण न आल्याने मलम बदलणारा रुग्ण वर्षभर सहा मलमे लावूनही उपचाराविनाच राहतो.

तेवढ्याने भागले नाही तर डॉक्टर डॉक्सिसायक्लीनसारखे प्रतिजैविक पोटातून देतात. ते साधारणतः तीन-चार महिन्यांपलीकडे चालवू नये आणि एकटे देऊ नये, अन्यथा जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात. मुलीची पाळी अनियमित असेल व हनुवटीवर केस येत असतील, तर संप्रेरकांची तपासणी आवश्यक ठरते.

खोल गाठी व वण असलेल्या रुग्णांसाठी आयसोट्रेटिनॉइन हे सर्वांत प्रभावी औषध आहे. अमेरिकेत त्यास १९८२ साली मान्यता मिळाली. काही महिन्यांच्या उपचाराने पुष्कळांची मुरुमे दीर्घकाळ शमतात. परंतु गर्भावस्थेत घेतल्यास अर्भकात गंभीर व्यंगे निर्माण होतात. म्हणून स्त्रियांनी उपचाराच्या काळात व त्यानंतर किमान एक महिना गर्भधारणा टाळणे अनिवार्य आहे. रक्तातील चरबी व यकृताची तपासणी करावी लागते, मनःस्थितीकडेही लक्ष ठेवावे लागते. हे औषध त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे आहे.

गोरेपणाच्या मलमांचा धोका

गावोगावी दिसणारा सर्वांत मोठा अपाय स्टिरॉइडयुक्त मलमांचा आहे. शेजारणीने सुचविलेले किंवा दुकानदाराने दिलेले मलम लावताच आठवड्यात चेहरा उजळतो, लाली जाते. पुढे मात्र त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते आणि मलम थांबविताच मुरुमे दुप्पट जोराने उसळतात. २०१८ साली केंद्र शासनाने अशा चौदा स्टिरॉइड मलमांच्या चिठ्ठीविना विक्रीस प्रतिबंध केला. नळीवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन हे नाव असल्यास ते मलम मुरुमांसाठी नाही, हे ओळखावे. दीर्घकाळ वापरले असल्यास ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच बंद करावे.

शाळा व पंचायतीचे काम

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ साली सुरू झाला. महाराष्ट्रात किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिके चालविली जातात आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग असतात. गाठी, दुखणारे फोड, वण किंवा तीन महिन्यांच्या नियमित उपचारानंतरही न हटणारी मुरुमे दिसली, तर मुलाला तेथे पाठविण्यास विलंब लावू नये.

शिक्षकांनी वर्गात यावरून थट्टा होऊ देऊ नये व स्वतः 'तोंड धूत जा' असा उपदेश करू नये. एखादे मूल एकटे पडू लागले, जेवण-झोप सोडू लागले, तर त्याच्याशी एकांतात बोलावे. 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते. पंचायत सदस्यांनी ग्राम आरोग्य व पोषण दिनी हा विषय आशा कार्यकर्तीमार्फत मांडावा आणि चिठ्ठीविना मलमे विकणाऱ्या दुकानदारांना समज द्यावी.

मुरुमांनी जीव जात नाही हे खरे. पण ज्या वयात मान वर करून जगाकडे पाहावयाचे, त्या वयात मुलाने मान खाली घालणे ही लहान हानी नव्हे. योग्य औषध व बारा आठवड्यांचा धीर एवढ्याने ती बहुधा टळू शकते.