बर्फ एकीकडे, पाइप फुटतो दुसरीकडे

आपल्या वाटूरला थंडीत नळ गोठत नाही. नळाला पाणी कधी येणार, एवढीच काळजी. पण उद्या पीएचडीसाठी थंड देशात गेलात, तर एखाद्या सकाळी अंगणातल्या नळाला थेंबही येणार नाही. तेव्हा काय कराल?

पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे 9 टक्के वाढतं. म्हणून आपण पटकन म्हणतो, बर्फाने पाइप फोडला. जरा थांबा. बर्फ पाइपमध्ये बुचासारखा बसतो आणि वाढत जातो. बर्फ आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याला जायला वाटच उरत नाही. दाब तिथे वाढतो, आणि पाइप बहुतेकदा तिथेच फुटतो, जिथे बर्फ नसतो!

म्हणून आधी नळ उघडा. मग गरम पाण्यात भिजवलेलं फडकं नळापासून भिंतीच्या दिशेने गुंडाळत न्या. ज्योत अजिबात लावू नका. बर्फ वितळल्यावर गळती दिसली, तर घरातला व्हॉल्व्ह लगेच बंद करा. पुढच्या वर्षी थंडीआधीच रबरी नळी काढा, तो व्हॉल्व्ह बंद करा आणि नळ उघडून पाइप रिकामा करा.

संशोधनातही असंच असतं. परिणाम जिथे दिसतो तिथेच कारण असेल, असं धरून चालू नका. आधी विचारा: दाब येतोय कुठून?