होडी उलटली असता स्वसंरक्षण

मुकुंदवाडी समुद्रापासून फार दूर, पठारावर वसलेली आहे. येथील मुलाचा खोल पाण्याशी पहिला परिचय होतो तो बहुधा मळ्यातील विहिरीत. पाठीला वाळलेला भोपळा अथवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधून वडीलधारी माणसे त्यास पाण्यात सोडतात, आणि काही दिवसांनी तो भोपळ्यावाचून पोहू लागतो. ही विद्या उत्तम खरी. परंतु विहिरीत पोहणे आणि विस्तीर्ण जलाशयावर होडी चालविणे या दोन निराळ्या गोष्टी होत. विहिरीत चार हात मारताच कडा हाती लागते. जलाशयावर काठ जवळ दिसतो, पण तो जवळ असतोच असे नाही. होडी उलटल्यावर पोहता येणारी माणसेही कधी कधी प्राणास मुकतात, याचे एक कारण हेच की, ती काठ गाठण्याच्या आशेने होडी सोडून देतात.

असा जलाशय आपल्यापासून काही दूर नाही. पैठणजवळ गोदावरीवरील जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ साली लालबहादुर शास्त्री यांच्या हस्ते बसविण्यात आली व १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. धरणामागे साठलेल्या पाण्यास संत एकनाथांच्या नावावरून नाथसागर म्हणतात. तो तुडुंब भरला असता त्याचे क्षेत्र सुमारे ३५० चौरस किलोमीटर होते. शुभवर्तमानात ज्या गालील समुद्रावर येशूचे शिष्य वादळात सापडल्याची कथा आहे, तो वस्तुतः गोड्या पाण्याचे सरोवर असून त्याचे क्षेत्र सुमारे १६६ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे आपला नाथसागर त्याच्या दुपटीहून मोठा! एवढ्या मोकळ्या पृष्ठावर वाऱ्यास अडथळा नसतो, आणि तो सुटला म्हणजे थोड्याच वेळात लाटा उसळू लागतात. गालीलच्या त्या नावेत मुरलेले कोळी होते, तरीही ते भयभीत झाले. मग नवशिक्याची कथा काय? नाथसागराचा परिसर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे; तेव्हा तेथे परवानगीवाचून होडी नेणे मुळीच योग्य नव्हे. परंतु सहलीच्या निमित्ताने कोकणात तारकर्लीस किंवा गोव्याच्या खाड्यांत जाणाऱ्या विद्यार्थ्यांस हल्ली कयाक नावाची लहान होडी सहज मिळते. तिच्यावर बसण्यापूर्वी ती उलटल्यास काय करावे हे ठाऊक असणे अवश्य आहे.

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील इनुइट लोकांची नौका. लाकडाच्या अथवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवीत. चालक कमरेपर्यंत आत बसे, आणि नौका उलटली तर वल्ह्याच्या एका कुशल फटकाऱ्याने नौकेसह पुन्हा वर येई. ही कला दीर्घ अभ्यासानेच साध्य होते. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात हिचे एक सोपे रूप प्रचारात आले. त्यात चालक आत न बसता होडीच्या पाठीवरील उथळ खळग्यात बसतो. ही होडी प्लॅस्टिकची, आतून पोकळ व सर्व बाजूंनी बंद असते. बैठकीजवळ आरपार छिद्रे असून वर आलेले पाणी त्यांतून आपोआप निघून जाते. आर्किमिडीजच्या सिद्धांताप्रमाणे आत कोंडलेली हवा तिला तरंगत ठेवते. म्हणून उलटली तरी ती सहसा बुडत नाही. विहिरीतला भोपळा जे कार्य करतो तेच येथे ही संपूर्ण होडी करते. यावरून पहिला व सर्वांत महत्त्वाचा नियम निघतो तो हा की, होडी उलटली तरी होडी सोडू नये.

चालक पाण्यात पडला की क्षणभर गोंधळतो. त्याने प्रथम तोंड पाण्यावर आणून श्वास घ्यावा व लगेच होडीस हात घालावा. रिकामी होडी वाऱ्याबरोबर माणसाच्या पोहण्याहून वेगाने वाहून जाऊ शकते. म्हणून आधी होडी आणि मग वल्हे, हा क्रम ध्यानात ठेवावा. लाटा उसळत असतील तर ज्या बाजूने त्या येतात त्याच बाजूस राहावे. पलीकडे राहिल्यास लाट होडी उचलून आपल्याच मस्तकावर आदळते.

दुसरे काम पालथी होडी सुलटी करण्याचे. होडीच्या मध्यभागी यावे, तिच्या तळावरून हात पलीकडे टाकून दूरची कड, पट्टा अथवा एखादे छिद्र पकडावे, गुडघे जवळच्या कडेस टेकावेत आणि सर्व अंगाचा भार मागे टाकावा. येथे बळापेक्षा तरफेचा नियम अधिक कामास येतो. हात पुरत नसेल तर पलीकडच्या मुठीस बांधलेली दोरी तळावरून आपल्याकडे घेऊन ओढावी.

तिसरे काम पुन्हा वर चढण्याचे, आणि बहुतेकांची चूक होते ती येथेच. पाण्यात उभे लोंबकळत होडीची कड खाली ओढली तर शरीराचा सर्व भार एका बाजूस पडून होडी पुन्हा अंगावर येते. याकरिता प्रथम दोन्ही हात बैठकीच्या आडवे टाकावेत, पाय पृष्ठभागाशी येईपर्यंत जोराने मारावेत आणि शरीर आडवे झाले म्हणजे स्वतःस वर उचलण्यापेक्षा होडीच पोटाखाली ओढून घ्यावी. पोट बैठकीवर आले की क्षणभर तसेच पडून राहून श्वास घ्यावा. मग कुशीवर वळून बैठक खळग्यात आणावी आणि शेवटी पाय वर घ्यावेत. पोट, बैठक, पाय, हे तीन शब्द पाठ असले म्हणजे सर्व कृती ध्यानात राहते. वर चढताना मस्तक व छाती शक्य तितकी खाली ठेवावी. भार जितका खाली, तितकी होडी स्थिर.

सोबती जवळ असल्यास काम आणखी सुकर होते. त्याने आपली होडी उलटलेल्या होडीशेजारी समांतर आणून तिची कड घट्ट धरावी, म्हणजे चढणाऱ्यास ती हलत नाही. मात्र त्याने मित्रप्रेमाने स्वतः पाण्यात उडी टाकू नये. एकाच्या जागी दोघे संकटात पडले तर त्यात मैत्रीचा लाभ कोणता?

दोन-तीन प्रयत्न करूनही चढता आले नाही तर शक्ती व्यर्थ दवडू नये. पालथ्या होडीवर छाती टेकून पडून राहावे, शिट्टी वाजवावी, वल्हे उंच धरून हलवावे. दुरून पाहणाऱ्यास पाण्यातले एकटे डोके दिसत नाही, पण रंगीत होडी दिसते. होडी जड वाटू लागली व पाण्यात खोल बसू लागली तर आत पाणी शिरले असे समजावे आणि तत्काळ मदत मागावी. याकरिताच निघण्यापूर्वी तिचे बूच घट्ट लावलेले आहे की नाही हे स्वतः पाहावे.

तरंगजाकीट अंगावर असेल तरच हे सर्व उपाय निर्धास्तपणे करता येतात. ते होडीत ठेवून निघणे म्हणजे छत्री खुंटीस टांगून पावसात जाणे होय. त्याचे बंद असे आवळावेत की खांद्याशी धरून वर ओढले तरी ते हनुवटीपर्यंत सरकू नये. ज्यास उत्तम पोहता येते त्यासही ते हवेच, कारण मार लागलेला अथवा थकलेला माणूस पोहू शकत नाही.

वाचकांनी हा लेख वाचून आपणास ही विद्या आली असे मात्र मानू नये. व्याकरणाचे नियम पाठ केल्याने जसे भाषण येत नाही, तसेच येथेही आहे. शांत, छातीइतक्या पाण्यात, जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली होडी मुद्दाम उलटवावी आणि पुन्हा चढावे; एकदा नव्हे, दहादा. प्रथम हसू येते, मग दम लागतो, आणि मग केव्हातरी हातपाय विचारावाचून आपले काम करू लागतात. खऱ्या संकटाच्या वेळी मनास विचार करण्यास अवकाश नसतो. त्या वेळी सवयच कामी येते. पडण्याचा अभ्यास ज्याने आधी केला आहे, तो पडल्यावर घाबरत नाही. आणि जो घाबरत नाही, त्याचा हात होडीवरून सहसा सुटत नाही.