मुदत हवीच, पण एकच नको

सत्र संपत आले, की अभियांत्रिकीच्या वसतिगृहांत काचेची शोधाशोध सुरू होते. दोन खुर्च्यांच्या मध्ये काच ठेवायची, खाली बल्ब लावायचा, काचेवर मित्राचे पूर्ण झालेले ड्रॉइंग शीट, त्यावर आपले कोरे शीट, आणि उजेडात दिसणाऱ्या रेघा गिरवत जायचे. पुण्यातल्या विद्यार्थ्यांच्या भाषेत याला ‘जीटी’ म्हणतात, म्हणजे ग्लास ट्रेसिंग. एरवी अख्खी दुपार खाणारे शीट असे झटपट उरकते. सकाळी सबमिशन, शीटवर सही, टर्मवर्कचे गुण पदरात.

त्या शीटवर नेमके काय असते, ते जवळून पाहू. समजा, आरपार भोक असलेल्या एका ठोकळ्याची दृश्ये काढायची आहेत. समोरून दिसणारे दृश्य वर काढायचे, वरून दिसणारे त्याच्या खाली. भोक वरून पाडलेले असेल, तर वरच्या बाजूने पाहताना ते वर्तुळ दिसते. समोरून पाहताना ते आत दडलेले असते, म्हणून त्याच्या कडा तुटक रेघांनी दाखवायच्या. स्वतः शीट काढणारा मुलगा हमखास या तुटक रेघांपाशी अडतो. तो ठोकळा मनातल्या मनात फिरवून पाहतो, चुकतो, खोडतो, पुन्हा काढतो. ड्रॉइंग शिकणे म्हणजे हे अडणे आणि त्यातून वाट काढणे. काचेवर गिरवणाऱ्याच्या शीटवरही त्याच तुटक रेघा उमटतात. त्या तुटक का, हा प्रश्न त्याला पडायचे कारणच उरत नाही.

मुदत पाळली गेली, शिकणे राहून गेले. आपण याचे खापर विद्यार्थ्यांच्या आळसावर फोडून मोकळे होतो. पण महिनोन् महिने पसरलेल्या अभ्यासक्रमाला टोकाशी एकच तारीख दिली, की बहुतेक माणसे असेच वागतात. हे मानसशास्त्राच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे, आणि त्यावर उपायही आहेत.

वेळेचा अंदाज का चुकतो?

१९९४ मध्ये कॅनडातील रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकल रॉस यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारले, तुमचे काम किती दिवसांत पूर्ण होईल? उत्तरांची सरासरी निघाली सुमारे ३४ दिवस. सगळेच बिनसले तर? तेव्हा सरासरी सुमारे ४९ दिवसांवर गेली. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून जास्त लागले. म्हणजे सगळे बिनसेल असे गृहीत धरून केलेला अंदाजसुद्धा तोकडा पडला. आपण काम कसे सुरळीत होईल याचे चित्र रंगवतो. मागच्या वेळी काय घडले होते, हे त्या हिशेबात धरत नाही. ‘अजून महिना आहे’ असे म्हणणारा विद्यार्थी खोटे बोलत नसतो. त्याला मनापासून तसे वाटत असते.

चालढकलीची किंमत शरीरही मोजते. डायॅन टाइस आणि रॉय बाउमायस्टर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा अभ्यास मांडला. काम पुढे ढकलणारी मुले सत्राच्या सुरुवातीला इतरांपेक्षा निवांत होती, त्यांच्यावर ताण कमी होता. सत्राच्या शेवटी पारडे फिरले. त्यांचा ताण इतरांहून वाढला, आजारपणाच्या तक्रारी वाढल्या, आणि गुणही कमी पडले. ‘दडपण आल्याशिवाय माझा अभ्यास होत नाही’ हे वाक्य आपण घरोघरी ऐकतो. दडपणाखाली अभ्यास सुरू होतो हे खरे, पण तो चांगला होतो, असे या विद्यार्थ्यांच्या बाबतीत दिसले नाही.

मग मुदतीच नकोत का? तसेही नाही. डॅन एरिएली आणि क्लाउस वेर्टेनब्रॉख यांचा २००२ चा प्रयोग या बाबतीत प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या एका अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना ३ निबंध लिहायचे होते. एका वर्गाला सत्रभर समान अंतराने ३ तारखा ठरवून दिल्या. दुसऱ्या वर्गाला सांगितले, तारखा तुमच्या तुम्ही ठरवा, पण एकदा ठरवल्या की बदलता येणार नाहीत, आणि उशीर झाला तर दर दिवसाला १ टक्का गुण कापले जातील. तिन्ही निबंधांसाठी शेवटचा दिवस मागून घेणे सोयीचे होते. तरी बहुतेकांनी आधीच्या तारखा स्वतःहून घेतल्या. आपल्याला लगाम हवा, हे त्यांना कळत होते. पण तो नेमका कुठे हवा, हे पुरते साधले नाही, कारण समान अंतराच्या तारखा मिळालेल्या वर्गाला गुण अधिक पडले. याच जोडीने मुद्रितशोधनाचे काम देऊनही प्रयोग केला. तिथे ठरावीक अंतराच्या मुदती मिळालेल्यांनी सर्वाधिक चुका शोधल्या आणि शेवटी एकच मुदत असलेले सर्वांत मागे पडले.

पुढे इतर अभ्यासकांनी केलेल्या काही प्रयोगांत मधल्या मुदतींचा असा फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवे. माझ्या मते यातून घ्यायचा धडा असा, की कॅलेंडरवर चार तारखा जास्त लिहिल्याने आपोआप काही घडत नाही. त्या तारखेला कोणी काम पाहणार आहे का, पाहून काही सांगणार आहे का, यावर सगळे अवलंबून आहे.

परीक्षेपुरते आणि परीक्षेनंतर

शेवटच्या रात्रीच्या अभ्यासाची मोठी अडचण ही, की तो त्या वेळी फळाला आल्यासारखा वाटतो. अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला. काहींनी पुन्हा वाचण्याऐवजी आठवेल तेवढे लिहून काढले. पाचच मिनिटांनी चाचणी घेतली, तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. ज्यांची चाचणी आठवड्याने झाली, त्यांच्यात चित्र उलटे होते. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के.

आता परीक्षेच्या आदल्या रात्री अपेक्षित प्रश्नसंच पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या मुलीचा विचार करा. सकाळी तिला बरेच आठवते, पेपर बरा जातो, आणि ‘ही पद्धत चालते’ असा तिचा समज पक्का होतो. पुढच्या सत्रात त्याच विषयाचा पुढचा भाग येतो, तेव्हा पाया हाती लागत नाही. तोवर दोष कशाचा, हे शोधायला कोणी मागे जात नाही.

उजळणीत किती अंतर असावे, याचाही अभ्यास झाला आहे. २००८ मध्ये निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी तेराशेहून अधिक लोकांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले, की आठवडाभर लक्षात राहायला हवे असेल तर पहिल्या वाचनानंतर साधारण एका दिवसाने केलेली उजळणी उत्तम. वर्षभर टिकवायचे असेल तर हे अंतर साधारण तीन आठवडे असावे. एकच मुदत नेमके हे अंतर गिळून टाकते. सगळा अभ्यास शेवटच्या दोन-तीन दिवसांत कोंबला, की उजळणीला अंतर द्यायला दिवसच शिल्लक राहत नाहीत.

चुकायला वाव, तारखेवर भरवसा

यातून मार्ग काढलेले एक उदाहरण आपल्याच देशात आहे. आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने उभ्या केलेल्या एनपीटीईएलच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत दर आठवड्याला असाइनमेंट असते आणि तिला ठरलेली मुदत असते. १२ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात १२ पैकी सर्वोत्तम ८ असाइनमेंटचे गुण धरले जातात. अंतिम गुणांत त्यांचा वाटा २५ टक्के, उरलेले ७५ टक्के केंद्रावर बसून दिलेल्या परीक्षेचे. एखाद्या आठवड्यात घरी लग्न निघाले, ताप आला, तरी सत्र वाया जात नाही. असाइनमेंटची उत्तरे इकडून तिकडे फिरू शकतात हे खरे, पण मोठा वाटा परीक्षेचा असल्याने नुसत्या नकलेवर निभावत नाही.

मुदतीबद्दल आणखी एक गोष्ट महाराष्ट्रातल्या स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांइतकी कोणाला माहीत नसेल. १४ मार्च २०२१ ला होणारी राज्यसेवा पूर्व परीक्षा ११ मार्चला पुढे ढकलली गेली, तेव्हा पुण्यात मुले रस्त्यावर उतरली. नंतर ती २१ मार्चला झाली. वरवर पाहता अभ्यासाला आठवडा जास्त मिळाला. पण गावाकडून येणारे पैसे, खोलीचे भाडे, अभ्यासिकेची फी, वयोमर्यादा हे सगळे सांभाळत त्या तारखेवर नजर ठेवून बसलेल्या मुलांच्या दृष्टीने तारखेवरचा भरवसा गेला होता. ज्या मुदतीवर विसंबता येत नाही, ती अभ्यासाला वळण देऊ शकत नाही.

म्हणून शिक्षकांना विनंती आहे. सत्राअखेरीस जर्नलचा गठ्ठा मागवू नका. दर पंधरा दिवसांनी एक शीट, एक राइटअप मागा, तेव्हाच पाहा, आणि तुटक रेघेवर बोट ठेवून विचारा, ‘ही इथे का आली?’ साठ-सत्तर मुलांच्या वर्गात प्रत्येकाचे तपासणे जमत नाही, हे मान्य. दर वेळी पाच-सहा जणांना विचारले, तरी कोणाची पाळी येईल हे ठाऊक नसल्याने बाकीचे तयारीत राहतील. एखादी तारीख चुकण्याची मुभा ठेवा, मात्र तारीख स्वतः बदलू नका.

पालकांनी ‘अभ्यास झाला का?’ असे विचारण्यापेक्षा ‘या आठवड्यात काय शिकलास, पुस्तक मिटून सांग’ असे म्हणावे. आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्या महाविद्यालयाने मधल्या तारखा दिल्या नाहीत, तर एक मित्र गाठा आणि दर रविवारी त्याला एक धडा न बघता समजावून सांगायचे ठरवा. पहिला रविवार येणाराच धरा.