काळयंत्र आणि खर्चाची वही

सार्वजनिक पैशाचा हिशेब ठेवणाऱ्या संस्थांना खर्च लवकर दिसतो. मोल फार उशिरा दिसते. ब्रिटनच्या बीबीसी या प्रसारणसंस्थेने १९६३ साली सुरू केलेल्या ‘डॉक्टर हू’ या दूरचित्रवाणी मालिकेचे पहिले पर्व हे या नियमाचे बोलके उदाहरण होय. शनिवार, २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सायंकाळी तिचा पहिला भाग प्रक्षेपित झाला. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झालेली. साऱ्या जगाचे चित्त त्या वार्तेत गुंतलेले असताना मुलाबाळांसाठी रचलेल्या एका अद्भुत कथेकडे कोणाचे लक्ष जावे? पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या अगोदर पहिला भाग पुन्हा दाखवावा लागला. अशा मुहूर्तावर जन्मलेल्या या मालिकेचे पहिले पर्व १२ सप्टेंबर १९६४ पर्यंत, ४२ भाग चालले. मालिका पुढे १९८९ पर्यंत टिकली आणि २००५ साली पुनरुज्जीवित होऊन नव्या पिढीसमोर आली.

कथेचा प्रारंभ साधा आहे. लंडनच्या एका शाळेतील विज्ञानशिक्षक इयान चेस्टरटन आणि इतिहासशिक्षिका बार्बरा राइट यांना सुसान नावाच्या विद्यार्थिनीचे कोडे पडते. काही विषयांतील तिचे ज्ञान शिक्षकांना थक्क करणारे. परंतु अगदी साध्या व्यवहारात ती चुकते. ब्रिटनचे चलन अद्याप दशमान पद्धतीचे झालेले नाही, याचाच तिला विसर पडतो. (ते पुढे १९७१ साली झाले.) तिच्या मागोमाग हे दोघे एका भंगाराच्या आवारात पोहोचतात. तेथे पोलिसांना दूरध्वनी करण्यासाठी रस्त्यावर असते तशी एक पेटी उभी असते. आत पाऊल टाकताच मात्र प्रशस्त दालन आणि यंत्रसामग्री दृष्टीस पडते. सुसानचे आजोबा, म्हणजे ‘डॉक्टर’ या एवढ्याच नावाने ओळखले जाणारे तिरसट गृहस्थ, त्या दोघा शिक्षकांसह ते यंत्र काळाच्या प्रवाहात लोटून देतात. एक शिक्षक विज्ञानाचा, दुसरी इतिहासाची: भविष्यातील कथांसाठी पहिला, भूतकाळातील कथांसाठी दुसरी, अशी ही हेतुपुरस्सर योजना होती.

या योजनेच्या मुळाशी बीबीसीची घडण आहे. जाहिरातींच्या उत्पन्नावर नव्हे, तर प्रत्येक संचधारकाने भरावयाच्या परवानाशुल्कावर ही संस्था उभी राहिली. माहिती, शिक्षण आणि रंजन ही तिची तीन कर्तव्ये पहिले प्रमुख जॉन रीथ यांच्या काळापासून सांगितली जात. १९५५ साली जाहिरातींवर चालणारी खाजगी दूरचित्रवाणी सुरू झाली आणि प्रेक्षकांचा मोठा ओघ तिकडे वळला. बीबीसीपुढे पेच उभा राहिला. प्रेक्षक गमावले तर सर्वांकडून शुल्क घेण्याचा नैतिक अधिकार उरत नाही. आणि केवळ प्रेक्षक मिळवण्यासाठी खाजगी वाहिनीचे अनुकरण केले तर स्वतंत्र संस्था चालविण्याचे प्रयोजनच उरत नाही. १९६२ च्या पिल्किंग्टन समितीने आपल्या अहवालात खाजगी वाहिनीच्या सवंगपणावर कठोर टीका केली, त्याने बीबीसीला बळ मिळाले. तरीही शनिवारच्या सायंकाळी क्रीडावृत्त संपल्यावर आणि तरुणांचा ध्वनिमुद्रिकांचा कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी जी पोकळी राही, ती भरावयाची होतीच. आजोबा, आईवडील आणि मुले एकाच वेळी संचासमोर बसतील असे काहीतरी हवे होते. ‘डॉक्टर हू’ ही या व्यावहारिक गरजेतून निर्माण झाली.

ती निर्माण करणारी माणसे संस्थेच्या मुख्य प्रवाहातील नव्हती. नाट्यविभागाचे प्रमुख सिडने न्यूमन हे कॅनडाचे. प्रतिस्पर्धी खाजगी वाहिनीकडून बीबीसीत आलेले. त्यांनी निर्मातीची जबाबदारी सोपवली ती वेरिटी लँबर्ट या अवघ्या २७ वर्षांच्या स्त्रीवर. त्या विभागात तेव्हा दुसरी स्त्री निर्माती नव्हती. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन यांचा जन्म लखनौचा, १९३८ सालचा. त्यांच्या मातोश्री अतिया हुसेन या नामवंत लेखिका. म्हणजे एक परदेशी, एक तरुणी आणि एक चोवीस वर्षांचा भारतीय वंशाचा युवक, अशा तिघांच्या हाती हे काम आले. संस्थेतील बुजुर्गांना ते फारसे प्रतिष्ठेचे वाटत नव्हते, हेही त्यामागचे एक कारण असावे. ज्या कामाची कोणाला मातब्बरी वाटत नाही, तेथे नवख्यांना वाव मिळतो, हा अनुभव सर्वत्रच येतो.

साधने तुटपुंजी होती. २५ मिनिटांच्या प्रत्येक भागासाठी सुमारे २,३०० पौंड मिळत. चित्रीकरण पश्चिम लंडनमधील लाइम ग्रोव्ह या जुन्या, अडचणीच्या आणि उकाड्याच्या स्टुडिओत होई. चित्रफितीचे संपादन महागडे, त्यामुळे नाटकाच्या प्रयोगाप्रमाणे जवळजवळ सलगच भाग मुद्रित करावयाचा आणि नटांच्या किरकोळ चुका तशाच ठेवावयाच्या, असा शिरस्ता होता. अशा स्थितीतही पहिल्या भागाचे मुद्रण न्यूमन यांनी नापसंत केले आणि तो संपूर्ण भाग पुन्हा करण्याची मुभा दिली. केवळ नफ्यातोट्याचा विचार करणाऱ्या व्यवस्थापकाने ती दिली असती का, याचा विचार करण्याजोगा आहे.

टंचाईतून कल्पकता कशी जन्मते, याचे या पर्वात अनेक दाखले सापडतात. काळयंत्राने प्रत्येक ठिकाणी परिसराला साजेसे रूप घ्यावे, हे कथेच्या दृष्टीने उचित; परंतु दर कथेला नवे यंत्र बांधणे परवडणारे नव्हते. तेव्हा रूप बदलण्याची त्याची शक्ती बिघडली आहे असे दाखवले गेले, आणि ती पोलिसांची पेटीच मालिकेची ओळख होऊन बसली. तिसरी कथा दोनच भागांची. केवळ चार प्रमुख नट आणि यंत्राचे अंतर्गत दालन एवढ्यावर तिचे काम भागले. तिच्यातील सारे संकट अखेर एका कळीतील अडकलेल्या स्प्रिंगमुळे उद्भवल्याचे निष्पन्न होते! शीर्षकसंगीताची रचना रॉन ग्रेनर यांची. परंतु बीबीसीच्या ध्वनिप्रयोगशाळेतील डीलिया डर्बीशर यांनी विद्युत्-आंदोलकांचे आणि छेडलेल्या तारेचे नाद फितीवर मुद्रित करून, त्या फितींचे तुकडे जोडून जोडून त्या रचनेला जे ध्वनिरूप दिले, ते त्याआधी कोणी ऐकलेले नव्हते.

शिक्षणाचे कर्तव्यही हे पर्व विसरले नाही. फेब्रुवारी ते एप्रिल १९६४ मध्ये दाखवलेल्या, मार्को पोलोवरील सात भागांच्या कथेत वाळवंटात पाणी संपते, तेव्हा यंत्राच्या भिंतींवर थंडीने जमलेल्या बाष्पाचे थेंब प्रवाशांना तारतात आणि विज्ञानशिक्षक त्यामागचे तत्त्व समजावून सांगतो. आगीत टाकलेला बांबू मोठ्याने फुटतो, या साध्या गोष्टीने लुटारूंना पळवून लावले जाते. वर्गात फळ्यावर खडूने लिहून जे डोक्यात शिरत नाही, ते तहानलेल्या प्रवाशांच्या निमित्ताने ध्यानात राहते, हे कोणत्याही शिक्षकास पटावे.

याहून गंभीर प्रश्न मे-जून १९६४ मधील ॲझ्टेकांच्या कथेत आहे. मेक्सिकोतील या प्राचीन लोकांत बार्बराला देवतेचा अवतार मानले जाते. नरबळीची प्रथा बंद केली तर पुढील अनर्थ टळेल, या विश्वासाने ती आपला अधिकार वापरू पाहते. डॉक्टर तिला परोपरीने बजावतो की इतिहास असा बदलता येत नाही. ती हरते, परंतु एका विचारी पुरोहिताच्या अंतःकरणात मात्र तिच्यामुळे परिवर्तन घडते. सद्हेतू असूनही समाज एका हुकुमाने बदलत नाही, हे सत्य मुलांच्या मालिकेने मुलांपासून लपवले नाही.

प्रत्यक्षात मालिकेला लोकप्रियता मिळाली ती मात्र या कथांमुळे नव्हे. बटबटीत डोळ्यांचे राक्षस या मालिकेत नकोत, असा न्यूमन यांचा दंडक होता. टेरी नेशन यांच्या दुसऱ्या कथेत धातूच्या कवचात राहणारे, कर्कश आवाजात बोलणारे ‘डालेक’ अवतरले तेव्हा ते संतापले. वेरिटी लँबर्ट यांनी निर्णयाचे समर्थन केले. डालेक हे महायुद्धातील किरणोत्साराने विकृत झालेले जीव. क्यूबाचा पेचप्रसंग होऊन तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. पहिला भाग सुमारे ४४ लाख लोकांनी पाहिला होता. या कथेच्या अखेरीस ती संख्या एक कोटीच्या पुढे गेली. प्रारंभी जिला फक्त १३ भागांची हमी होती, ती मालिका निर्धास्त झाली. डालेकांची खेळणी निघाली, १९६५ साली चित्रपट निघाला.

येथे वितरणाचा प्रश्न उपस्थित होतो. टेरी नेशन हे करारावर काम करणारे लेखक; डालेकांच्या हक्कांत त्यांचा वाटा राहिला आणि ते श्रीमंत झाले. परंतु डालेकाला प्रत्यक्ष रूप दिले ते रेमंड क्यूसिक या रचनाकाराने. ते बीबीसीचे पगारदार नोकर. त्यामुळे वेतन आणि पुढे एक किरकोळ सानुग्रह रक्कम एवढेच त्यांच्या पदरी पडले. डीलिया डर्बीशर यांची कथा अशीच. आपल्या मानधनातील निम्मा वाटा त्यांना मिळावा, अशी इच्छा स्वतः ग्रेनर यांनी दर्शवली होती; नियम आडवे आले. श्रेयनामावलीत त्यांच्या ऐवजी प्रयोगशाळेचे नाव झळकत राहिले. त्यांचे स्वतःचे नाव पडद्यावर आले ते २०१३ साली, मालिकेच्या पन्नासाव्या वर्षी; त्यापूर्वी, २००१ साली, त्यांचे निधन झाले होते. जोखीम संस्था घेते म्हणून फळही संस्थेचे, हा युक्तिवाद सर्वस्वी चुकीचा नाही. परंतु नेमून दिलेल्या कामापलीकडे जे घडते, त्याला नियमावलीत जागा नसावी, ही उणीव गंभीर खरी.

याहून मोठी हानी पुढे झाली. चित्रफीत महाग, आणि पुसून पुन्हा वापरता येणारी. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा. रंगीत चित्रवाणी आल्यावर कृष्णधवल कार्यक्रमांना मागणी उरली नाही. तेव्हा मालिकेच्या प्रारंभीच्या वर्षांच्या फिती पुसल्या गेल्या आणि परदेशी विक्रीसाठी काढलेल्या फिल्मच्या प्रतीही नष्ट होऊ लागल्या. हा प्रकार १९७८ च्या सुमारास थांबला. वारिस हुसेन यांनी बहुतांश दिग्दर्शित केलेल्या मार्को पोलोच्या कथेचा एकही भाग उरला नाही. काही सामान्य प्रेक्षकांनी घरच्या ध्वनिमुद्रकावर टिपून ठेवलेला आवाज आणि काही छायाचित्रे, एवढ्यावर तिची कल्पना करावी लागते. फ्रेंच राज्यक्रांतीवरील अखेरच्या कथेचे काही भाग सायप्रसहून परत मिळाले, दोन गेले ते गेलेच. आणि न्यूमन यांनी नापसंत केलेला पहिला मसुदा मात्र सुरक्षित राहिला. १९९१ साली तो प्रेक्षकांना दाखवलाही गेला.

त्या काळच्या कर्मचाऱ्याला दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. एका फितीवर नवा कार्यक्रम मुद्रित केला तर तेवढा पैसा वाचतो, हा त्याचा हिशेब अचूक होता. ज्याला घरोघरी चित्रपट जतन करण्याची सोय दिसत नव्हती, त्याने वीस वर्षांनंतरची मागणी कशी ओळखावी? दोष आहे तो रचनेचा. फितींचा खर्च पाहणारे टेबल होते, करार पाहणारे होते, परदेशी विक्री पाहणारे होते. भविष्यातील प्रेक्षकाच्या वतीने सही करणारे टेबल मात्र नव्हते. प्रत्येकाने आपल्या विभागापुरता योग्य निर्णय घेतला आणि सर्वांचा मिळून एक चुकीचा निर्णय झाला. अर्थशास्त्रात भविष्यातील लाभाला आजच्या भावात आणताना काही वटाव कापतात. येथे तो शंभर टक्के कापला गेला.

या हिशेबाचे पडसाद अद्याप उमटतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये, साठाव्या वर्षी, बीबीसीने मालिकेचे उपलब्ध जुने भाग इंटरनेटवरील आपल्या सेवेत पाहण्यास खुले केले. त्यांत जो सर्वांत आधी हवा, तो पहिल्या कथेचा चार भागांचा संच नव्हता. कथालेखकाच्या वारसाकडे असलेल्या हक्कांबाबत सहमती झाली नव्हती. ज्यांच्या परवानाशुल्कातून ती कथा निर्माण झाली, त्यांच्या नातवंडांना ती तेथे पाहता आली नाही. वारसाचा हक्क खोटा नव्हे; पण १९६३ साली करार लिहिताना ही कथा साठ वर्षे टिकेल, हे कोणाच्याही स्वप्नात नसणार.

तात्पर्य असे की सार्वजनिक संस्थेच्या अंगी जे गुण असावेत, ते बीबीसीने या पर्वात दाखवले. तिने नवख्यांवर भरवसा ठेवला, फसलेला प्रयत्न पुन्हा करू दिला, रंजनात शिक्षणाची सांगड घातली आणि वरिष्ठाचा दंडक मोडणाऱ्या निर्मातीला काम करू दिले. जाहिरातदाराच्या तालावर नाचणाऱ्या वाहिनीला हे सहज साधले नसते. परंतु निर्मितीत दाखवलेले औदार्य तिला जतनात आणि श्रेय देण्यात दाखवता आले नाही. खर्च मंजूर करण्याइतकेच जे घडले ते सांभाळणे हेही लोकांच्या पैशाच्या विश्वस्तांचे काम आहे, मग ती संस्था प्रसारणाची असो, ग्रंथालयाची असो की विद्यापीठाची. इतिहास बदलता येत नाही, असे डॉक्टरने बार्बराला बजावले होते. तो पुसता येतो, एवढे मात्र लाइम ग्रोव्हच्या फितींनी सिद्ध केले आहे. पुसण्याची ती सही करताना लेखणी क्षणभर अडखळावी, एवढी व्यवस्था प्रत्येक संस्थेने आपल्या नियमावलीत करून ठेवावयास हवी.