तेव्हा तक्रार केली नाही, म्हणून आता उपचार नाहीत?

अमेरिकी सैन्यात असताना ज्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाला, अशा माजी सैनिकांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘तेव्हा तक्रार केली नाही ना, मग आता सरकारी दवाखान्यात कोण विचारणार?’ चांगली शिकलेली, बातम्या वाचणारी माणसं हे ठामपणे सांगतात. ऐकणाऱ्यांत एखादी पीडित असेल तर तीही ते खरं धरते आणि डॉक्टरकडे जायचंच टाळते. म्हणून स्पष्ट सांगायला हवं, की हे साफ चूक आहे.

माजी सैनिकांसाठी अमेरिकेत व्हेटरन्स अफेअर्स हे केंद्रीय खातं आहे. सगळे त्याला व्हीए म्हणतात. सेवेत झालेला लैंगिक अत्याचार किंवा लैंगिक छळ याला तिथे ‘मिलिटरी सेक्शुअल ट्रॉमा’, म्हणजे एमएसटी, असं नाव आहे. त्यातून उद्भवलेल्या शारीरिक आणि मानसिक त्रासावर व्हीए मोफत उपचार करतं. त्यासाठी तेव्हाची तक्रार लागत नाही. वैद्यकीय तपासणीचा कागद लागत नाही, साक्षीदार लागत नाही. सेवा किती वर्षं झाली, उत्पन्न किती, याच्याही अटी नाहीत.

मग हा समज आला कुठून? नुकसानभरपाईच्या दाव्यांतून. अपंगत्वापोटी दरमहा पैसे देणारा विभाग वेगळा आणि उपचार करणारा वेगळा. दाव्याला पुरावा लागतो, आणि तिथे लोकांची परवड झाली आहे हेही खरं. 2018 साली व्हीएच्याच महानिरीक्षकांनी पाहणी केली, तेव्हा एमएसटीमुळे पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा मानसिक विकार, झाल्याचे जे दावे फेटाळले होते, त्यांतले जवळपास निम्मे नियमाप्रमाणे हाताळलेच नव्हते. संताप यावा अशीच ही गोष्ट आहे. पण त्या दाव्यातही पोलिसांतली तक्रारच हवी असं नाही. तडकाफडकी मागितलेली बदली, एकाएकी घसरलेलं काम, वाढलेली दारू, गर्भचाचणीची नोंद, घरच्यांचा किंवा खोलीतल्या सोबतिणीचा जबाब, हे सगळं पुरावा म्हणून विचारात घ्यावं असं नियमच सांगतात. आणि दावा फेटाळला गेला, किंवा कधी केलाच नाही, तरी उपचारांचा हक्क जात नाही.

‘पण तेव्हाच का नाही बोलली?’ असं विचारणाऱ्यांनी सैन्याचा कारभार जरा समजून घ्यावा. डिसेंबर 2023 पर्यंत अशा गुन्ह्यात खटला भरायचा की नाही, हे वरिष्ठ कमांडर ठरवत असत. तो अधिकार त्यानंतर स्वतंत्र लष्करी वकिलांकडे गेला. ज्यांच्या शेऱ्यावर आपली बढती आणि बदली ठरते, त्यांच्याच साखळीत राहून तोंड उघडायचं होतं. संरक्षण खात्याच्याच अंदाजानुसार 2023 या एका वर्षात सुमारे 29,000 सैनिकांना लैंगिक अत्याचार किंवा नको असलेला लैंगिक स्पर्श सोसावा लागला. तक्रार केली ती साधारण चारांपैकी एकाने. उपचारांना तक्रारीची अट असती, तर उरलेल्या तिघांना दारातूनच परत जावं लागलं असतं. अट नाही ती म्हणूनच.

आता बाकीचे समज.

हे फक्त बायकांचं दुखणं आहे, हा त्यांतला सगळ्यात हट्टी. व्हीए आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक माजी सैनिकाला याबद्दल विचारतं. स्त्रियांत तिघींपैकी साधारण एक ‘हो’ म्हणते, पुरुषांत पन्नासांपैकी एक. पण माजी सैनिकांत पुरुष इतके जास्त, की ‘हो’ म्हणणाऱ्यांत तिसऱ्या हिश्शाहून अधिक पुरुषच निघतात. 1992 च्या मूळ कायद्यात सोय फक्त स्त्रियांची होती. पुरुषांचा समावेश दोन वर्षांनी झाला.

युद्धावर गेलेल्यांनाच हे उपचार मिळतात? नाही. घटना प्रशिक्षण तळावरची असो, रजेवरची असो, किंवा नॅशनल गार्डच्या सरावातली, फरक पडत नाही.

सेवेतून वाईट शेरा घेऊन निघालेल्यांना दार बंद? ‘अदर दॅन ऑनरेबल’ शेरा असला तरी एमएसटीचे उपचार मिळू शकतात. आघातानंतरच्या बेशिस्तीमुळेच कित्येकांवर तो शेरा बसलेला असतो, हे विसरू नये.

इतक्या वर्षांनी काय उपयोग? व्हीएमध्ये दिली जाणारी कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी मुळात बलात्कारपीडितांसाठीच विकसित झाली, आणि जुन्या आघातावरही ती गुण देते. समुपदेशक स्त्री हवी की पुरुष, हेही सांगता येतं.

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांना एक विनंती. तुमच्या नात्यात, शेजारात कुणी तिथल्या सैन्यात नोकरी केलेलं असेल, तर हे त्यांच्या कानावर घाला. व्हीएच्या प्रत्येक आरोग्यकेंद्रात एमएसटी कोऑर्डिनेटर असतो. फोन करून ‘त्यांच्याशी बोलायचं आहे’ एवढंच म्हणावं. नेमकं काय घडलं हे फोन उचलणाऱ्याला सांगायची गरज नाही.