काचेच्या खोलींतील घाम

परीक्षा हा आम्हां शाळामास्तरांचा जन्माचा विषय. आज अशाच एका परीक्षेची पडद्यामागील हकीकत सांगावयाची आहे.

अमेरिकेंत १९५६ सालच्या सप्टेंबरांत एन्. बी. सी.च्या दूरचित्रवाणीवर ‘ट्वेंटी-वन’ नांवाचा प्रश्नोत्तरांचा खेळ सुरू झाला. एकाचें उत्तर दुसऱ्यास ऐकूं जाऊं नये म्हणून दोघे स्पर्धक निरनिराळ्या बंद काचेच्या खोल्यांत उभे राहत. प्रश्न एक गुणाचा घ्यावयाचा कीं थेट अकरा गुणांचा, हें स्पर्धकानें ठरवावयाचें आणि एकवीस गुण गांठावयाचे.

पहिला प्रयोग सचोटीनें झाला, आणि फसला! स्पर्धकांना उत्तरें येईनात; खेळ रटाळ झाला. खर्च सोसणारी ‘जेरिटॉल’ टॉनिकची कंपनी संतापली. तेव्हां निर्माता डॅन एनराइट यानें परीक्षेचें नाटक केलें. प्रश्न व उत्तरें आधींच सांगण्यांत येऊं लागलीं. कोठें अडखळावें, ओठ केव्हां चावावा, घाम पुसून न टाकतां रुमालानें कसा टिपावा, याचीहि तालीम असे. घाम खरा यावा म्हणून खोलींतील हवा गार ठेवणारें यंत्र बंद करीत.

हर्बर्ट स्टेंपेल असाच विजयी झाला. पुढें त्यास हरण्याचा हुकूम झाला. १९५५ चें ऑस्कर पारितोषिक ‘मार्टी’ या चित्रपटास मिळालें, हें त्यास पक्कें ठाऊक होतें. परंतु ५ डिसेंबर १९५६ रोजीं त्यानें आज्ञेप्रमाणें ‘ऑन द वॉटरफ्रंट’ असें उत्तर दिलें. जिंकला तो कोलंबिया विद्यापीठांतील तरुण अध्यापक चार्ल्स व्हॅन डोरेन. त्याची कमाई १,२९,००० डॉलरांवर गेली आणि त्याचें चित्र ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर झळकलें.

१९५८ सालीं बिंग फुटलें. २ नोव्हेंबर १९५९ रोजीं व्हॅन डोरेननें अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढें सर्व कबूल केलें. त्याची अध्यापकाची जागा गेली. अशी ठरवून केलेली स्पर्धा १९६० च्या कायद्यानें गुन्हा ठरली.

विद्यार्थी नक्कल करतो तेव्हां परीक्षक त्यास पकडतो. येथें परीक्षकानेंच उत्तरें वांटलीं, कारण प्रामाणिक अज्ञान पाहावयास कंटाळवाणें होतें. शाळेंत मात्र ‘मला येत नाहीं’ हें खरें उत्तर ऐकून घेणें, हाच शिकविण्याचा आरंभ असतो.